हळदीची पट्टी सोड्यात लाल का होत नाही?

प्रश्न : हळदीची पट्टी (हळदीच्या द्रावणात बुडवून वाळवलेला कागद) साबणाच्या पाण्यात लालभडक होते, खाण्याच्या सोड्यात मात्र जेमतेम केशरी. असे का?
– इयत्ता दहावी, सांगली

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. हळदीतल्या कुरकुमीनच्या, म्हणजे तिच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, रेणूत अणूंची दोन वलये असतात. त्यांना जोडणाऱ्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध. आम्लारीत (साबण, सोडा यांसारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात) या रेणूतला हायड्रोजन आयन निघून जातो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि पिवळा रंग तांबडा होतो. हा बदल सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्ल वा आम्लारीधर्मी आहे याचे माप) साधारण ७.४ ते ८.६ च्या दरम्यान होतो. सोड्याच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.३, म्हणून रंग अर्ध्यावरच अडकतो.

आता खरी गंमत करून पाहा, घरातले मोठे माणूस सोबत घेऊन. चमचाभर सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर पंधरा मिनिटे हलवत भाजा. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून धुण्याचा सोडा उरतो. १६८ ग्रॅम खाण्याच्या सोड्याचा १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा, या प्रमाणात. त्याच्या द्रावणात पट्टी गडद लाल होईल. या सोड्याला हात लावू नका, चाखू तर नकाच.

पट्टी फिकी येत असेल, तर हळद नुसत्या पाण्यात कालवली असणार. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अर्धा चमचा हळद २० मिली स्पिरिटमध्ये ढवळून गाळा, गाळणकागद बुडवून सावलीत वाळवा. स्पिरिट पेट घेते. हे काम शेगडीपासून लांबच.