कान्सासमधली ‘विधवा’ आणि हरवलेली वीस वर्षं

प्रश्न : माझा नवरा अमेरिकन आहे. त्याचे खापरपणजोबा तिथल्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढले, एवढंच घरात सांगतात. 1880 च्या जनगणनेत ते ओहायोत बायको आणि तीन मुलांसह सापडले. 1900 मध्ये मात्र बाई कान्सासमध्ये, नावापुढे ‘विधवा’. मधल्या काळाचा पत्ताच नाही. 1890 च्या जनगणनेची पानं कितीही शोधली तरी मिळत नाहीत. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये, पानंच उरलेली नाहीत. 10 जानेवारी 1921 रोजी वॉशिंग्टनमध्ये ज्या सरकारी इमारतीच्या तळघरात ती ठेवली होती, तिथे आग लागली. काही जळली, बरीचशी बंबांच्या पाण्याने भिजली आणि उरलीसुरली पुढे 1930 च्या दशकात सरकारनेच नष्ट केली. सव्वासहा कोटींमधली जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत. हे कळायच्या आधी मीही त्यापायी दोन रविवार घालवले होते.

पण तुमचे खापरपणजोबा सैनिक होते, ही जमेची बाजू. 1890 मध्येच उत्तरेकडच्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी झाली होती. तिच्यातली इंग्रजी अक्षरक्रमाने अलाबामा ते कान्सास ही राज्यं जवळपास सगळी गेली. अर्ध्या केंटकीपासून वायोमिंगपर्यंतची उरली. म्हणजे ओहायो आहे, कान्सास नाही. ओहायोच्या यादीत ते नसतील, तर तोवर कुटुंब हललं असावं. मग कान्सासने स्वतः केलेल्या 1885 आणि 1895 च्या जनगणना बघा. ‘कान्सासला कुठून आलात’ असा रकानाच त्यांत आहे, शिवाय सैन्यातल्या नोकरीचा तपशीलही.

आता ‘विधवा’ या शब्दाबद्दल. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या लेकीच्या सासरचा वंशवृक्ष लावताना अशीच एक विधवा भेटली होती. तिचा नवरा ओहायोतल्या डेटनच्या सैनिकगृहात, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आश्रमात, चांगला जिवंत होता! नोंदवहीत त्याची उंची, डोळ्यांचा रंग, धर्म, धंदा सगळं होतं, आणि जवळचा नातेवाईक म्हणून त्याच बाईचं नाव, पत्त्यासकट. नवरा सोडून गेला असं सांगण्यापेक्षा विधवा म्हणवून घेणं तेव्हा सोपं जायचं.

खरा खजिना पेन्शनच्या फायलीत. 1890 च्या कायद्यामुळे नवरा युद्धामुळेच गेला हे विधवेला सिद्ध करावं लागत नसे. लग्न आणि मृत्यू मात्र सिद्ध करावे लागत. त्यासाठी बायका शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, कधी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नांच्या नोंदींचं फाडलेलं पानसुद्धा जोडत. 1898 मध्ये तर पेन्शन खात्याने सैनिकांनाच छापील प्रश्न पाठवले : बायकोचं माहेरचं नाव काय, लग्न कुठे झालं, कोणी लावलं, हयात मुलांच्या जन्मतारखा कोणत्या. एवढं तर आपल्या खापरपणजोबांबद्दल आपल्यालाही माहीत नसतं.

फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून पैसे भरून मागवावी लागते. त्याआधी फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर पेन्शनचं अनुक्रमणिका-कार्ड फुकट बघा. त्यावर सैनिकाच्या अर्जाखाली विधवेच्या अर्जाची ओळ असते. तिथे तारीख असेल, तर मृत्यू त्याच्या आधीचा. ओळ कोरी असेल, तर मृत्यूची तारीख शोधत बसू नका; आधी कान्सासमधल्याच लेव्हनवर्थच्या सैनिकगृहाची नोंदवही उघडा.