फाटकासमोर रोज सरकारी पास लावलेली खासगी गाडी उभी असते. इंदूरमध्ये तक्रार करून काही होतं का?

रामबागेत तुमचं घर, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत फाटक अडवून एक पांढरी गाडी, काचेवर 'शासकीय कार्य' असा पास, आणि दोनदा तक्रार करूनही काही झालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. होतं, पण तक्रार कशाची करता त्यावर आहे.

मी एका सरकारी कार्यालयाच्या वाहन शाखेत अकरा वर्षं काढली. असले पास माझ्याच टेबलावर तयार व्हायचे. आवारात शिरताना चौकीदाराने गाडी अडवू नये, एवढंच त्या पासाचं काम. बाहेर रस्त्यावर त्याला काडीची किंमत नाही. पासावर गाडीच्या नंबरासाठी जागा असायची, पण साहेब लोक ती कोरीच ठेवायला लावत. "दोन गाड्या आहेत हो, कधी ही आणतो, कधी ती." नंबरच नाही म्हटल्यावर तो पास आधी मुलाच्या गाडीवर जातो, मग साडूच्या. एकदा सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन परतताना राजवाड्याजवळ एका अनोळखी गाडीवर माझ्याच अक्षरातला पास दिसला. ज्यांना दिला होता त्या साहेबांची बदली होऊन दोन वर्षं उलटली होती! पास परत मागायची माझी हिंमत झाली नव्हती, हेही कबूल करतो.

गाडीचा नंबर बघा. मध्य प्रदेश शासनाच्या स्वतःच्या गाड्या एमपी ०२ मालिकेत असतात. एमपी ०९ आणि पांढरी पाटी असेल तर ती इंदूरची खासगी गाडी, मग काचेवर काहीही चिकटवलेलं असो. खात्याने भाड्याने घेतलेली, म्हणजे आपल्याकडे जिला 'अटॅच' म्हणतात ती गाडी, रीतसर टॅक्सी पाटीची हवी.

आता तक्रार. 'पासाचा गैरवापर' असं लिहूच नका. तो कागद फिरत फिरत पास देणाऱ्याच कार्यालयात येतो आणि "पास नियमानुसार जारी" असं उत्तर जातं. अशी उत्तरं मीच टाइप केली आहेत. फक्त एवढंच लिहा की गाडीने घराचा रस्ता अडवलाय. दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावू नये, हे वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे आणि त्यात साहेबांसाठी सूट नाही. पाटी आणि फाटक एकाच फोटोत येऊ द्या, वेळ लिहा, वाहतूक पोलिसांना द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत, पुढे १५०० पर्यंत. त्या रकमेला कुणी भीत नाही, क्रेनला भितात.

तिथे हललं नाही तर १८१, सीएम हेल्पलाइन. खालच्या पातळीवर निकाल लागला नाही की तक्रार वर सरकते, आणि खालच्या बाबूला नेमकं तेच नको असतं. म्हणून तुम्हाला गोड आवाजात फोन येईल, "भाऊ, बंद करून टाका ना." गाडी हलल्याशिवाय 'समाधान झालं' म्हणू नका. शिवाय दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकणं, असतेच.

पासाच्या मुळाशी जायचंच असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून अडवतील. पास रजिस्टरातले तीन रकाने मागा: दिल्याची तारीख, गाडीचा नंबर, परत आल्याची तारीख. आमच्या रजिस्टरातल्या तिसऱ्या रकान्यात मी कधी काही लिहिल्याचं आठवत नाही.