टू-स्ट्रोक डर्ट बाइकची रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही आणि प्लग पांढरा पडतो: दोष कार्बोरेटरचा की झिजेचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे 125 सीसीची, पाण्याने थंड होणारी जुनी यामाहा वायझेड आहे आणि ती आपण गोव्यात डिचोलीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चालवता. पावसाळ्याचे चार महिने ती उभी होती. त्यानंतर रेस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडली तरी इंजिनाचे फेरे लगेच उतरत नाहीत, प्लग पांढरा निघतो आणि किक पूर्वीपेक्षा हलकी लागते. कार्बोरेटरचा मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल सोडणारा छिद्राचा भाग) दोन नंबरांनी मोठा करूनही फरक पडला नाही, म्हणून आपण ऑइलचे प्रमाण लिटरला 30 मिलीवरून 50 मिलीवर नेले. आता पिस्टन बदलावा की कार्बोरेटर, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे आहे की तूर्त दोन्हींना हात लावू नये आणि पुढील तपासणी होईपर्यंत गाडी अजिबात चालवू नये. जी गाडी पावसाआधी त्याच जेटवर व्यवस्थित चालत होती, तिचे मिश्रण आपोआप पातळ झाले असेल (हवेच्या मानाने पेट्रोल कमी, पांढऱ्या प्लगचा अर्थ हाच), तर पेट्रोल कमी येत आहे किंवा नको तिथून हवा आत शिरत आहे, या दोनच शक्यता उरतात. पहिली तपासणे सोपे आहे. कार्बोरेटरचा फ्लोट बाउल (खालची पेट्रोलची वाटी) काढून पायलट जेट (कमी रेसवर पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) उजेडाकडे धरावा, त्याच्या छिद्रातून आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे. चार महिने आत राहिलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर त्या बारीक छिद्रात बसतो. जेट स्वच्छ असेल, तर मात्र संशय थेट इंजिनावर जातो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, हवा आणि ऑइल आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत, येतात आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जातात, हे आपल्याला ठाऊक असेलच. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा पंप आहे आणि तो हवाबंद असण्यावर सारे अवलंबून आहे. क्रँकच्या दोन टोकांना रबराचे दोन ऑइल सील असतात. डावीकडच्या, म्हणजे मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या सीलचा ओठ झिजला की क्रँककेस तिथून कोरडी हवा ओढू लागतो. ही हवा कार्बोरेटरमधून आलेली नसल्यामुळे तिच्यासोबत पेट्रोल नसते आणि ऑइलही नसते. रेस पूर्ण उघडी असताना कार्बोरेटरमधून इतकी हवा येत असते की तिच्या तुलनेत ही चोरटी हवा थोडी ठरते, पण रेस बंद केल्यावर तिचेच प्रमाण मोठे होते आणि म्हणूनच फेरे वर टांगल्यासारखे राहतात. आपण बदललेला मेन जेट मात्र रेस तीन-चतुर्थांशाच्या पुढे उघडल्यावरच खरा प्रभाव दाखवतो. आपल्या तक्रारीला त्याने उतार पडला नाही, यात नवल नाही.

ऑइल वाढवण्यामागची काळजी मी समजू शकतो, परंतु त्याचा परिणाम उलटा झाला आहे. आपल्याकडे ‘मिक्स्चर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, पेट्रोलमधील ऑइलचे प्रमाण आणि हवेतील पेट्रोलचे प्रमाण, आणि हा घोटाळा तिथूनच होतो. जेटमधून ठराविक द्रवच जातो. त्यात ऑइल जास्त असेल, तर पेट्रोल तेवढे कमी असते. लिटरला 30 मिलीऐवजी 50 मिली घातल्याने पेट्रोलचा वाटा सुमारे दोन टक्क्यांनी घटला, म्हणजे आधीच पातळ असलेले मिश्रण आणखी पातळ झाले. त्यातून जादा ऑइलाच्या काजळीमुळे प्लगचा रंग वाचणेही अवघड होते. चांगले सिंथेटिक टू-टी ऑइल लिटरला 30 मिली पुरेसे आहे आणि तपासणी संपेपर्यंत तेच कायम ठेवावे.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या 135 सीसीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलने हीच लक्षणे दाखवली होती. तिचा ऑइल पंप काढून मी हाताने मिसळलेले पेट्रोल वापरत असे. रेस सोडल्यावर फेरे उतरत नव्हते, तरी मी ते केबलवर ढकलले आणि तशीच गाडी घेऊन चोर्ला घाट चढलो. चढताना तिने त्रास दिला नाही. परत केरीच्या दिशेने उतरताना मात्र, रेस पूर्ण बंद आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना, मागचे चाक एकदम करकचून थांबले. पिस्टन पकडला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता. उतारावर इंजिन वेगाने फिरत असते, पण रेस बंद असल्याने त्याला पेट्रोल मिळत नाही, आणि पेट्रोलसोबतच येणारे ऑइलही मिळत नाही. अशा वेळी फुटक्या सीलमधून कोरडी हवा येत असेल, तर पिस्टनला सांभाळणारे काहीच उरत नाही. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून मी पडलो नाही. तेव्हापासून उतारावर मी अधूनमधून क्षणभर रेस देतो आणि फेरे टांगण्याच्या लक्षणाकडे कधीही दुर्लक्ष करत नाही.

आता मुख्य तपासणीकडे येतो. हिच्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि तबकडी मिळाली की काम होते, कारण त्या तबकडीवरील 300 हा आकडा सुमारे 5.8 पीएसआयएवढा असतो आणि या परीक्षेला सहाच्या आसपासच दाब लागतो. त्याहून जास्त दाब देऊ नये, नाहीतर चांगल्या सीलचा ओठही उलटतो. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचे तोंड जाड रबराच्या बुचाने घट्ट बंद करावे. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी, इनटेकच्या रबरी नळीत, मधून नळी घातलेले दुसरे बूच बसवून क्लिप आवळावी. फुगा याच बाजूने लावावा. प्लगच्या छिद्रातून दाब दिल्यास रीड वॉल्व्ह (इनटेकच्या वाटेवरील, एकाच दिशेने उघडणाऱ्या पट्ट्या) मिटून राहतात आणि इनटेकच्या नळीची परीक्षा होतच नाही. प्लग जागेवर बसवून पिस्टन खालच्या टोकाला आणावा, म्हणजे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वाटा) उघडे राहून क्रँककेस आणि सिलिंडर एक होतात. काटा 300 वर नेऊन फुगा सोडावा व घड्याळ पाहावे. सुस्थितीतील इंजिनात सहा मिनिटे काटा जवळजवळ जागेवर राहतो. मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर गळती निश्चित आहे.

गळती कोठे आहे हे साबणाचे पाणी सांगते. भांडी घासण्याचा साबण पाण्यात घट्टसर कालवून रंगाच्या ब्रशने आधी बुचांवर लावावा, कारण पहिल्या प्रयत्नात बहुधा आपण बसवलेले बूचच गळत असते. नंतर इनटेकची नळी, सिलिंडरखालचे पॅकिंग, हेडचा सांधा आणि शेवटी मॅग्नेटोचे कव्हर काढून फ्लायव्हीलमागचा सील, अशा क्रमाने जावे. माझ्या गाडीत पहिले पाऊण मिनिट काहीच दिसले नव्हते. मग फ्लायव्हीलच्या मागून, क्रँकच्या दांड्याला चिकटून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. उजवीकडचा सील क्लचच्या बाजूला झाकलेला असतो, त्यामुळे गिअर ऑइल भरण्याच्या तोंडावर साबणाचा पडदा धरून पाहावा. तो फुगला, तर उजवा सील गेला. त्या सीलची लक्षणेही वेगळी असतात: इंजिन गिअरबॉक्समधील ऑइल ओढून जाळते, पांढुरका दाट धूर येतो, प्लग काळा व ओला निघतो आणि गिअर ऑइल कमी होत जाते. आपल्या वर्णनात यातले काही नाही, म्हणून माझा संशय डाव्या सीलवर किंवा इनटेकच्या नळीवर आहे. नळी वाकवून पाहावी, भेगा वाकवल्यावरच दिसतात. वायझेडच्या पॉवर वॉल्व्हच्या (एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठा करणाऱ्या झडपेच्या) कव्हरपाशी थोडे बुडबुडे आले, तर घाबरू नये. ती जागा एक्झॉस्टच्या बाजूची आहे आणि तिच्यामुळे मिश्रण पातळ होत नाही.

सील गळत असल्याचे सिद्ध झाले, तरी फक्त सील बदलून थांबू नका. पुलर लावून फ्लायव्हील काढले की डावा सील बाहेरूनच बदलता येतो, आणि ज्यांनी तेवढेच केले त्यांची गाडी काही आठवड्यांत पुन्हा त्याच तक्रारीने परत आलेली मी पाहिली आहे. सील का झिजला, हा खरा प्रश्न आहे. आपल्या दमट हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये पाणी साचून बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, बेअरिंग खरबरीत होऊन ढिले पडते, क्रँक किंचित हलू लागतो आणि तो हलणारा दांडा सीलचा ओठ खातो. म्हणून फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहा. किंचितही ढिलेपणा जाणवला, तर क्रँककेस उघडून मुख्य बेअरिंग बदलण्यावाचून गत्यंतर नाही. एरवी झीज आणि मिश्रण हे दोन वेगळे दोष मानले जातात, परंतु टू-स्ट्रोकमध्ये झिजलेला भागच मिश्रण बिघडवतो.

हलक्या किकचा विचार मात्र स्वतंत्रपणे करायला हवा. कॉम्प्रेशन गेज लावून, रेस पूर्ण उघडी धरून, काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारावी. प्रत्येक गेजचा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून आपला आकडा तारखेसह लिहून ठेवून पुढच्या वेळी त्याच गेजने तुलना करणे अधिक उपयोगी ठरते. नंतर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला, तर रिंग संपल्या आहेत. पिस्टनचा बराचसा भाग हेड न उघडताही दिसतो. सायलेन्सर काढल्यावर एक्झॉस्ट पोर्टमधून आणि रीड ब्लॉक काढल्यावर मागून टॉर्च मारून पाहावे. एक्झॉस्टच्या बाजूला रेघा आणि घासून चकाकणारे पट्टे असतील, तर ते उष्णतेचे व पातळ मिश्रणाचे काम आहे. इनटेकच्या बाजूला पिस्टनचा पृष्ठभाग निस्तेज राखाडी होऊन बारीक उभ्या रेघांनी भरलेला असेल, तर ती धूळ आहे. आपल्या सड्यावरची जांभ्याची तांबडी धूळ इतकी बारीक असते की फोमच्या फिल्टरला ऑइल नीट लावलेले नसेल किंवा त्याची कड ग्रीसने बसवलेली नसेल, तर ती सरळ आत जाते. फिल्टरच्या पलीकडे नळीत स्वच्छ पांढरे फडके फिरवा, ते तांबूस निघाले तर झिजेचे कारण आपल्या हातात आले.

हेड आणि सिलिंडर उतरवावे लागले, तर रिंग सिलिंडरमध्ये पिस्टननेच इंचभर सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. 54 मिमीच्या या बोअरला फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल, तर चालते, आणि एक मिलिमीटरकडे सरकली असेल, तर रिंग टाकून द्यावी. या सिलिंडरला आतून निकेलचा कठीण मुलामा असतो, त्यामुळे जुन्या लोखंडी सिलिंडरप्रमाणे लेथवाल्याकडून बोअर मारून मोठा पिस्टन बसवण्याचा मार्ग येथे नाही. मुलामा उडाला असेल, तर तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा, तिथे शून्य ढिलेपणा हवा. बाजूला सरकणे थोडेफार चालते.

गळती बंद झाल्यानंतरच कार्बोरेटरकडे वळावे आणि मेन जेट आधी मूळ नंबरावर आणावा. एअर स्क्रू पूर्ण आत फिरवून दीड फेरा बाहेर काढावा आणि तिथून इंजिन गरम असताना सर्वांत उंच व स्थिर फेरे मिळतील तिथे ठेवावा. हा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. अडीच फेऱ्यांपलीकडे जावे लागले, तर पायलट जेट मोठा आहे, आणि एका फेऱ्याच्या आतच काम झाले, तर तो लहान आहे. पाव ते तीन-चतुर्थांश रेस कार्बोरेटरमधील, रेससोबत वर-खाली होणाऱ्या सुईच्या ताब्यात असते. सुईची क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होते. मेन जेटसाठी नवा प्लग लावून, मोकळ्या सरळ जागेत पूर्ण रेसवर थोडे अंतर जाऊन, त्याच क्षणी किल स्विच व क्लच दाबून गाडी थांबवावी. प्लगच्या टोकाचा रंग पाहू नये. आत खोलवर, पोर्सेलीनच्या मुळाशी दिसणाऱ्या कड्याचा रंग पाहावा, तो फिकट तपकिरी हवा.

एक बाब आपल्या लक्षात आली नसावी. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते आणि इथेनॉलला फक्त 9 किलो, म्हणजे त्याच जेटवर हे पेट्रोल हिशेबाने सात-आठ टक्के पातळ पडते. जुन्या पेट्रोलवर जेमतेम बसवलेले जेट आता एक-दोन नंबरांनी मोठे लागू शकतात. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते. पाणी पुरेसे साचले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते, आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. कॉक उघडल्यावर कार्बोरेटरला आधी तळचा थर मिळतो, ज्यात ऑइल जवळजवळ नसते. पावसाळ्याआधीचे मिसळलेले पेट्रोल आपल्या टाकीत अजून असेल, तर ते आजच काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा आणि तळाशी वेगळी रेघ दिसते का ते पाहा. दिसली नाही, तरी ते या इंजिनात पुन्हा घालू नका.

दाबाच्या परीक्षेत काटा किती मिनिटांत किती उतरला, बुडबुडे नेमके कोठे आले आणि ऑइल घालण्याआधी व नंतर कॉम्प्रेशन किती आले, हे कळवलेत, तर क्रँककेस उघडावा लागेल की नुसत्या सीलवर भागेल, हे मी नेमके सांगू शकेन.