वाचकांचे प्रश्न : लष्करी लिलावातला लॉट आणि नऊ वाटेकरी

प्रश्न : ताई, आम्ही नऊ जण हौशी रेडिओवाले आणि जुन्या यंत्रांचे शौकीन. लष्कराचा वापरातून काढलेला माल लिलावात निघतो. त्यात आम्हाला हवे तसे रेडिओ संच, मीटर, जनरेटर असतात, पण लॉट एवढे मोठे की एकट्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून सगळ्यांनी पैसे घालून एक लॉट घ्यायचं चाललंय. एक जण म्हणतो, मित्रामित्रांत लेखी कशाला? पैसे कोणाकडे ठेवावेत, बोली कुठवर न्यावी आणि माल आल्यावर वाटणी कशी करावी?
— एक वाचक

उत्तर : लेखी हवंच, आणि तेही बोली लावण्याच्या आधी. नोकरीची सगळी वर्षं मी स्टोअर आणि लिलावांच्या कागदांत काढली, अशा सामाईक खरेद्यांचे हिशेबही लिहिले. पैसे जमवताना भांडणं होत नाहीत, बोली लावतानाही होत नाहीत. ती खोकी उघडल्यावर होतात. काही संच चालू निघतात, बरेच बंद, एक-दोन तर आतून पोकळ, कोणीतरी सुटे भाग आधीच काढून घेतलेले. त्या क्षणी सुचवलेला कुठलाही नियम कोणाच्या तरी सोयीचा दिसतो, मग तो कितीही न्याय्य असो. माल डोळ्यांसमोर नसताना ठरलेला नियम मात्र सगळे निमूट पाळतात. तुमच्या मित्राला एवढंच सांगा की कागद मैत्रीवर अविश्वास म्हणून करायचा नाही, तिच्यावर ताण येऊ नये म्हणून करायचा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही नऊ असलात तरी लिलावात खरेदीदार एकच असतो. अमेरिकेचं संरक्षण खातं विकत असो, जर्मन सरकारचा जुना माल विकणारी व्हेबेग कंपनी विकत असो की भारतातली एमएसटीसी ही सरकारी लिलाव कंपनी, नोंदणी एका व्यक्तीच्या किंवा एका संस्थेच्या नावावर होते. अनामत त्याची अडकते, मुदतीत पैसे भरले नाहीत तर जप्त होते तीही त्याची, आणि माल वेळेत उचलला नाही तर जागाभाडं त्याच्यावर चढतं. गाडी असेल तर मालकीचा कागद त्याच्या नावानं निघतो. काही माल अंतिम वापराच्या प्रतिज्ञापत्राशिवाय मिळत नाही. माल कोण वापरणार, कशासाठी, हे त्यात लिहून सही करायची असते. तिथे बाकीच्या आठांची नावं लपवून ‘स्वतःसाठी’ असं लिहू नका. वाटेकरी आहेत तर तसं सांगा, आणि अडचण येत असेल तर तो लॉट सोडून द्या. सही करणाऱ्याच्या डोक्यावर एवढं ओझं असतं, म्हणून करारात पहिलं कलम त्याच्या संरक्षणाचं असू द्या: त्यानं ठरलेल्या मर्यादेत बोली लावली असेल तर होणारं नुकसान नऊ जणांत सारखं.

पैसे कोणाच्या रोजच्या खात्यात नकोत. वेगळं खातं काढा, काढायला दोघांच्या सह्या लागतील असं करा. बोलीच्या दिवशी पूर्ण रक्कम जमा असलीच पाहिजे. ‘लागलं की देतो’ म्हणणाऱ्याला वाटेकरी धरू नका, स्वभावानं तो कितीही चांगला असला तरी.

बोलीची मर्यादा उलट्या बाजूनं काढतात. समजा जमलेली सगळी रक्कम 100 भाग. त्यातले 20 भाग चढवणं-उतरवणं आणि वाहतुकीला बाजूला ठेवले, 15 अडीअडचणीला. उरले 65. खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन आणि कर मिळून बोलीवर 25 टक्के पडत असतील, तर तुमची शेवटची बोली 52. म्हणजे हातातल्या पैशांच्या जेमतेम निम्मी! टक्के तुमच्या लिलावाच्या अटींतून घ्या, पण रीत हीच ठेवा. हा आकडा कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि बोली लावणाऱ्याला तो ओलांडायची मुभा देऊ नका. लिलाव चालू असताना फोनवर ‘अजून थोडं वाढव’ म्हणणारे हमखास निघतात.

वाहतुकीला एवढा मोठा वाटा का, असं वाटेल. लष्करी माल स्वस्त जातो तो पुष्कळदा हलवायला महाग असतो म्हणून. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पॅसिफिकमधल्या एस्पिरितु सांतो बेटावर अमेरिकनांचे ट्रक, बुलडोझर आणि बाकी सामानाचे ढीग पडले होते. तिथल्या ब्रिटिश-फ्रेंच प्रशासनाला ते अगदी थोडक्या पैशांत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. शेवटी अमेरिकनांनी समुद्रात उतरता धक्का बांधून सगळं पाण्यात ढकललं. ती जागा आज ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणून ओळखली जाते, पाणबुडे ते ट्रक बघायला जातात. परत नेण्यापेक्षा बुडवणं परवडलं! तुमच्या लॉटचंही वजन, फोर्कलिफ्ट कोण देणार आणि उचलायची शेवटची तारीख, हे बोलीआधी विचारून घ्या. पूर्ण लॉट उचलावा लागतो, त्यातलं भंगार तिथेच टाकून येता येत नाही. त्याची विल्हेवाट हाही खर्च धरा.

पाहणीचा दिवस चुकवू नका. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर होते, नंतर तक्रारीला जागा नसते. नवांपैकी निदान दोघं जा, टॉर्च आणि वही घेऊन, आणि यादीतल्या वर्णनापेक्षा वस्तूवरच्या पत्र्याच्या पाटीवर विश्वास ठेवा. जनरेटरचंच घ्या. यादीत लिहिलेलं असतं ‘डिझेल जनरेटर, 10 किलोवॅट’. दोन संच शेजारी ठेवले तर रंग तोच, सांगाडा तोच. एकाच्या पाटीवर एमईपी-803ए असतं, दुसऱ्याच्या एमईपी-813ए. एका आकड्याचा फरक, पण पहिला 60 हर्ट्झ वीज देतो आणि दुसरा 400. चारशे हर्ट्झ विमानं आणि रडारसाठी असते, कारण त्या वारंवारतेवर ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी हलक्या करता येतात. घरातला पंप किंवा फ्रिज त्यावर चालायचा नाही. तेव्हा हर्ट्झचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि फोटो काढून बाकीच्या सातांना पाठवा.

नाटो पद्धतीच्या मालावर तेरा आकडी साठा क्रमांक असतो, तो तर फारच कामाचा. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात: 5820 म्हणजे रेडिओ, 6115 जनरेटर, 8340 तंबू आणि ताडपत्र्या. पुढचे दोन देशाचे: 00 किंवा 01 अमेरिका, 12 जर्मनी, 99 ब्रिटन. यादीतलं वर्णन ‘इलेक्ट्रॉनिक सामान, मिश्र’ एवढं मोघम असलं तरी या क्रमांकावरून नेमकी वस्तू कळते.

आता वाटणी. एकाच जातीची न उघडलेली खोकी असतील तर प्रश्नच नाही, नग मोजून द्या. मिश्र मालात मला पटलेली रीत अशी. सगळ्यांसमोर सगळी खोकी उघडायची, आणि तोवर कोणी काही उचलायचं नाही, ‘हे तर माझंच’ असं म्हणायचंही नाही. मग तीन ढीग: चालू, दुरुस्त होण्याजोगं, सुट्या भागांपुरतं. प्रत्येक ढिगासाठी चिठ्ठ्या टाकून क्रम काढायचा. पहिल्या फेरीत एक ते नऊ अशा क्रमानं एकेक नग निवडायचा, दुसऱ्या फेरीत नऊ ते एक असं उलट यायचं. म्हणजे ज्याचा नंबर शेवटी लागला त्याला लागोपाठ दोन मिळतात आणि पहिल्याचा फायदा फिटतो. निवडल्यानंतर दोघांनी आपसात अदलाबदल करायला हरकत नाही. एखादी वस्तू एकच असेल आणि चौघांना हवी असेल, तर तिच्यावर आपसात बोली लावा आणि आलेले पैसे सामाईक खात्यात टाका, म्हणजे ज्याला वस्तू मिळाली नाही त्यालाही तिच्यातला वाटा मिळतो. वाटे सारखे नसतील, कोणी दुप्पट पैसे घातले असतील, तर त्याच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या.

आणि जो सुट्टी काढून ट्रकसोबत जातो, ज्याच्या गॅरेजमध्ये महिनाभर माल पडून राहतो, त्याचा मोबदला आधी ठरवा! माझ्या माहितीतला एक चांगला गट यावरच फुटला. सगळी धावपळ एकानं केली, आणि वाटणीच्या दिवशी त्यानं पहिली निवड मागितली तेव्हा बाकीच्यांनी नियमावर बोट ठेवलं. नियम बरोबर होता, पण त्याच्या कष्टांचं त्यात नावच नव्हतं. रोजाप्रमाणे पैसे द्या, वाट्यात सूट द्या किंवा पहिली निवड द्या. तिन्ही चालतं, ठरलेलं असलं म्हणजे झालं.

एका बाबतीत मात्र मी अगदी कडक आहे. एकट्याला न झेपणारा लॉट मिळून घेणं ही सामाईक खरेदी. एरवी एकमेकांविरुद्ध बोली लावली असती अशांनी ‘तू गप्प बस, नंतर आपसात वाटून घेऊ’ असं ठरवणं ही लिलावातली साखळी, आणि ते बेकायदेशीर आहे. अमेरिकेत 1890 चा शर्मन कायदा आहे, भारतात 2002 चा स्पर्धा कायदा. ब्रिटनमध्ये 1927 साली खास लिलावांतल्या अशा संगनमताविरुद्ध कायदा झाला, आणि त्यानं प्रामाणिक सामाईक खरेदीला वाटही ठेवली: लेखी करार करायचा आणि त्याची प्रत खरेदीच्या आधी लिलावदाराकडे जमा करायची. तुमच्या देशात सक्ती असो-नसो, तुम्हीही प्रत द्या. गटातला एखादा एकटा तो लॉट घेऊ शकत असेल आणि त्याला घ्यायचा असेल, तर त्याला मोकळं सोडा, समोरून बोली लावू द्या. सरकारी माल म्हणजे लोकांच्या पैशांचा माल, त्याला खरा भाव मिळायलाच हवा.

प्रश्न : अशाच एका लॉटमधून माझ्या वाट्याला जुने होकायंत्र आणि काही गोल मीटर आले. आकड्यांवरचा रंग तपकिरी झालाय, अंधारात चमकत नाही. घासून नवा रंग द्यावा का?

उत्तर : घासू नका, काच उघडूही नका. जुन्या लष्करी उपकरणांवरचा चमकणारा रंग बऱ्याचदा रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा असतो. चमकत नाही म्हणून तो निवला असं समजू नका. रेडियमच्या माऱ्यानं त्यातलं झिंक सल्फाइड झिजतं म्हणून चमक जाते, रेडियम तसाच राहतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं. खरवडल्यावर उडणारी पूड श्वासातून आत जाणं हा मोठा धोका. पुढच्या काळात ट्रिटियम आलं, त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, आणि ते बहुधा बंद काचनळीत असतं. तुमच्या वर्णनावरून मात्र तुमच्याकडचे रेडियमचेच धरून चला. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून डब्यात ठेवा, रोज बसता-झोपता त्या खोलीत नको. कचऱ्यात टाकू नका, तुमच्या देशातल्या किरणोत्सर्ग नियामक संस्थेला विचारा. आणि बाकीच्या वाटेकऱ्यांना आजच कळवा, त्यांच्या ढिगातही असेच मीटर गेले असणार.

प्रश्न : एकानं आयत्या वेळी अंग काढून घेतलं, पैसे परत मागतोय. द्यायचे का?

उत्तर : बोली लावायच्या आधी मागत असेल तर पूर्ण द्या, आणि मर्यादा उरलेल्या पैशांवर पुन्हा काढा. बोली लागून लॉट पदरात पडल्यावर मागत असेल तर नाही. त्याच्या भरवशावर दुसऱ्यानं सही केली आहे. आपल्या जागी त्यानं दुसरा माणूस आणावा, तो सगळ्यांना पसंत असावा, आणि त्याचे पैसे खात्यात आल्यावर याचे परत करावे. कोणी मिळालाच नाही तर त्याच्या वाट्याचा माल चिठ्ठीप्रमाणे काढून, विकून, खर्च वजा जाता जे येईल ते त्याला द्या, कमी आलं तरी.