वाचकांचे प्रश्न : आवडते ब्लॉग सुटू नयेत म्हणून

प्रश्न : मी गडकिल्ल्यांचे आणि रेसिपीचे बरेच मराठी ब्लॉग वाचते. पूर्वी नवीन पोस्ट आली की ईमेल यायची, ती बंद होऊन काही वर्षं झाली. फेसबुकवर पेजेस लाइक केलीत पण तिथे त्यांचं काही दिसतच नाही. मुलगा म्हणतो आरएसएस वापर, पण त्या नारिंगी चिन्हावर क्लिक केलं की सगळा कोडच उघडतो. हे वापरायचं कसं? (सांगली)

उत्तर : ताई, तो कोड आपण वाचायचाच नसतो, तो अ‍ॅपने वाचायचा असतो. त्यात ब्लॉगच्या ताज्या पोस्ट, त्यांची शीर्षकं, तारखा, लिंक असं सगळं ठरलेल्या साच्यात लिहिलेलं असतं, त्यालाच आरएसएस फीड किंवा नुसतं फीड म्हणतात, आणि १९९९ पासून हे चालू आहे. तुमच्या ईमेलचं म्हणाल तर ब्लॉगस्पॉटवरच्या ब्लॉगांची मेल गूगलच्या फीडबर्नर नावाच्या सेवेतून जायची, आणि गूगलने २०२१ मध्ये त्यातली ईमेलची सोय काढून टाकली. म्हणजे ब्लॉग बंद पडलेत असं धरून चालू नका, त्यातले काही अजून लिहीत असतील!

फोनवर फीडली किंवा इनोरीडर टाका, ही फीड वाचायची अ‍ॅप, म्हणजेच रीडर, दोन्ही फुकट चालतात, खातं उघडा आणि ब्लॉगचा साधा पत्ता कॉपी करून तिथल्या सर्चमध्ये पेस्ट करा. बहुतेक वेळा फीड आपोआप सापडतं, मग फॉलो दाबलं की झालं. नाहीच सापडलं तर वर्डप्रेसच्या ब्लॉगला पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहा, आणि ब्लॉगस्पॉट असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट, सगळं स्मॉल लिपीत, मध्ये स्पेस नको. ब्लॉगस्पॉटच्या ह्याच फीडच्या पत्त्यापुढे अजून एक स्लॅश, मग डॅश, परत स्लॅश आणि लेबलचं (म्हणजे लेखकाने पोस्टला दिलेल्या विषयाचं) नाव लिहिलं तर फक्त त्या लेबलच्या पोस्ट येतात. समजा एखादी ताई राजकारणावरही लिहितात आणि पाककृतीही देतात आणि तुम्हाला पाककृतीच हव्यात, तर हे फार कामाचं आहे.

सुरुवातीला जुन्या पोस्ट थोड्याच दिसतील. वर्डप्रेसचं फीड मुळात शेवटच्या १० पोस्टचंच असतं, बाकीच्या ब्लॉगवर जाऊनच वाचायच्या. काही ठिकाणी दोन ओळी येऊन पोस्ट तुटते, कारण त्या लेखकाने सेटिंगमध्ये पूर्ण फीड दिलेलं नसतं. लिहिणाऱ्या मंडळींना माझी खरंच विनंती आहे, पूर्ण फीड द्या हो, एसटीत बसून रेंज जाते-येते तेव्हा अख्खी पोस्ट आधीच उतरलेली असली तर माणूस शेवटपर्यंत वाचतो.

आणि मला हे मनापासून आवडतं ते एका कारणासाठी, इथे वर काय दाखवायचं ते कुठलीही कंपनी ठरवत नाही, आला तसा क्रम लागतो. आपल्याकडचे चांगले ब्लॉग वर्षातून दोन-तीनदाच लिहितात, कुणी पावसाळ्यानंतर एखाद्या आडबाजूच्या गडावर जाऊन आलं की तेवढंच लिहितं, फेसबुकवर ते वाहून जातं, फीडमध्ये ते निदान काही दिवस तरी न वाचलेलं म्हणून थांबून राहतं.

प्रश्न : गूगल रीडर असाच छान होता, तो बंद झाला. आता परत यादी कुठे बनवत बसू? (पुणे)

उत्तर : १ जुलै २०१३ ला तो बंद झाला तेव्हा अनेकांची वाचायची सवयच मोडली, तुमचा राग बरोबर आहे. पण बंद पडलं ते वाचायचं साधन, ब्लॉगांची फीड तशीच चालू राहिली. आता कुठलाही रीडर घ्या, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये ओपीएमएल एक्सपोर्ट आहे का बघून घ्या. त्या एका फाइलमध्ये तुमची सगळी यादी असते आणि दुसऱ्या रीडरमध्ये ती इम्पोर्ट केली की फोल्डरसकट सगळं परत येतं. बरेच नवीन ब्लॉग जोडले की तेवढी फाइल काढून स्वतःलाच मेल करून ठेवत जा.