पेटी आधी की परवाना आधी?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं पंधरा खाटांचं हाडांचं हॉस्पिटल आहे. मेहुणे अमेरिकेत असतात. तिथलं एक रुग्णालय आपलं वापरलेलं, चालू स्थितीतलं सी-आर्म यंत्र (शस्त्रक्रिया चालू असताना हाडं पडद्यावर दाखवणारं क्ष-किरण यंत्र) फुकट द्यायला तयार आहे, आम्ही फक्त जहाजाचं भाडं भरायचं. भेट म्हणून आलेल्या यंत्रालाही परवाना लागतो का? यंत्र आल्यावर अर्ज केला तर चालेल का?
– एक अस्थिरोगतज्ज्ञ, कराड

उत्तर : डॉक्टरसाहेब, आधी मेहुण्यांना फोन करा आणि पेटी बांधू नका म्हणून सांगा. परवाना लागतो, आणि तो यंत्र येण्याआधी लागतो. भेट असो, देणगी असो की विकत घेतलेलं असो, क्ष-किरण देणाऱ्या यंत्राला नियम एकच आहे.

आपल्याकडे हे काम अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी बघतं. कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, पण तुम्हाला तिथे खेटे घालावे लागणार नाहीत. सगळं ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर होतं. आधी हॉस्पिटलची नोंदणी करायची, मग यंत्र चालवणाऱ्या माणसांची माहिती भरायची आणि पुढे यंत्र घेण्याची परवानगी मागायची. ती हातात आल्यावर यंत्र आणायचं, बसवायचं, गुणवत्ता चाचणी करून घ्यायची आणि चालवण्याचा परवाना मिळाल्यावरच पहिला रुग्ण टेबलावर घ्यायचा. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, नेमावा लागतो. त्यासाठी बाहेरून माणूस आणायलाच हवा असं नाही, पात्रता असेल तर तुमच्याकडचंच कोणी चालतं.

तुमचं घोडं अडणार आहे ते दोन ठिकाणी. एक म्हणजे मॉडेल. एईआरबीची मान्यता नसलेलं मॉडेल दवाखान्यात बसवता येत नाही. मान्य मॉडेलं आणि अधिकृत पुरवठादार यांच्या याद्या मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत. यंत्राच्या पाटीचा फोटो मागवा आणि यादीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुसरं, यंत्र जुनं आहे. वापरलेली वैद्यकीय यंत्रं देशात आणण्यावर घातक कचऱ्याच्या 2016च्या नियमांचे निर्बंध आहेत, तिथे पर्यावरण मंत्रालयाचा संबंध येतो. वैद्यकीय उपकरणांच्या 2017च्या नियमांखाली आयातीचा परवाना हा आणखी वेगळा विषय. ‘भेट’ असं लिहिल्यानं कस्टम्सची किंमत-आकारणीही टळत नाही.

हे मी पोटतिडकीनं लिहिते, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. मी नोकरीत होते तेव्हा एका संस्थेला असंच परदेशातून सी-आर्म आलं. कागद नव्हते. पेटी बंदरावर अडकली आणि पावसाळा तिथेच गेला. डेमरेज, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याचा आकार, दिवसागणिक चढत होतं. शेवटी सुटली तेव्हा लाकडाला बुरशीचा वास येत होता, इमेज इंटेन्सिफायरवर, म्हणजे क्ष-किरणांचं चित्र उजळ करणाऱ्या भागावर, दमटपणाचे डाग होते आणि यंत्र आपल्या विजेवर न चालणारं, 110 व्होल्टचं निघालं. सुटे भाग इथे कुठेच मिळेनात. ज्या देणगीदारांनी भाड्यासाठी पैसे जमवले होते, त्यांना तोंड कसं दाखवायचं हे त्या संस्थेला कळत नव्हतं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. मेहुण्यांकडून यंत्राऐवजी भाड्याचे पैसे घ्या आणि त्यात भर घालून इथल्या अधिकृत पुरवठादाराकडून मान्यताप्राप्त यंत्र घ्या. मॉडेलची मान्यता, चाचणी, दुरुस्ती या सगळ्यासाठी मग एक माणूस समोर असतो.

आणि टीएलडी बिल्ल्यांना, म्हणजे यंत्राजवळ काम करणाऱ्यांनी अंगावर लावायच्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्यांना, विसरू नका. त्या प्लास्टिकच्या चौकटीत एक पट्टी असते, तिच्यावर तीन गोल चकत्या. माणसाला किती किरण लागले ते त्या चकत्या साठवून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत वाचल्या जातात. बिल्ला छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा. थिएटरच्या खिळ्याला टांगलेला बिल्ला मी कितीदा उतरवलाय! तुमच्या मदतनीस मुलाला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टच्या (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) वर मात्रा जाता कामा नये, आणि ती गेली की नाही हे खिळा सांगू शकत नाही.

प्रश्न : आमच्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात जाडी मोजणारं वीस वर्षांचं जर्मन यंत्र आहे. त्यात क्रिप्टॉन-85 या किरणोत्सर्गी वायूचा स्रोत आहे. यंत्र बंद करून ठेवलंय. ते कंपनीला कुरिअरनं परत पाठवता येईल का?
– उत्पादन व्यवस्थापक, सिल्वासा

उत्तर : नाही. सी-आर्मचं बटण सोडलं की किरण थांबतात, तुमच्या यंत्राचं तसं नाही. वीज तोडली तरी स्रोत जागाच असतो. क्रिप्टॉन-85ची तीव्रता निम्मी व्हायला पावणेअकरा वर्षं लागतात, म्हणजे वीस वर्षांनंतरही पाव हिश्शाहून थोडी जास्तच शिल्लक आहे.

स्रोतासमोरचं किरण अडवणारं शटर बंद करून कुलूप लावा, किल्ली आरएसओकडे द्या आणि यंत्र भंगाराच्या कोपऱ्यात मुळीच हलवू नका. दिल्लीतलं मायापुरी आठवा. विद्यापीठात 1985पासून पडून असलेलं गॅमा यंत्र 2010 साली लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. त्यांनी ते फोडलं, आतला किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 बाहेर आला. कितीतरी माणसं भाजली आणि एक कामगार दगावला. यंत्र वापरात नव्हतं, म्हणून ते कोणाचंच उरलं नव्हतं.

आता जर्मन कंपनीला पत्र लिहा. स्रोत घेताना तो परत घेण्याची हमी दिलेली असते, जुन्या फाइलमध्ये ते कागद शोधा. कंपनीची संमती आली की निर्यातीसाठी एईआरबीची परवानगी घ्या. किरणोत्सर्गी मालाच्या नियमांप्रमाणे पेटी आणि लेबलं लागतील. किरण मोजणाऱ्या उपकरणानं पेटीच्या पृष्ठभागावर आणि एक मीटर अंतरावर मोजणी करून आकडे कागदावर उतरवा. कंपनी नाही म्हणाली तर मंडळाला कळवा, देशातच अधिकृत ठिकाणी विल्हेवाट लावता येते. स्रोत पोचल्याची लेखी पोच येईपर्यंत तुमच्या नोंदवहीतली त्या स्रोताची ओळ खोडू नका.