पाच महिन्यांचं लेकरू, तपोवन आणि घरी काय काय शिवायचं

अगं दोन दिवस झाले तुला उत्तर लिहायचं म्हणतेय पण लग्नसराई चालूय, ब्लाऊजचा ढीग पडलाय, आज कुठं जरा पाय मोकळे केले. वयानं लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको.

तर तू विचारलंस की मे महिन्यात परभणीहून तपोवन एक्स्प्रेसनं मुंबईला जायचंय, धाकटं पाच महिन्यांचं, थोरला तीन वर्षांचा, घरी पायमशीन आहे, तर चेंजिंग मॅट, बाटलीचं गरम ठेवणारं कव्हर, मानेची उशी, कडीवालं कापडी कॅरियर आणि तिकडं दिराच्या गाडीवर थोरल्याला बांधायचा बेल्ट, हे सगळं घरीच शिवू का, युट्यूबवर सोपं दिसतंय. दिसणारच, त्यांच्या व्हिडिओत लेकरू नसतंच ना कुठं, नुसतं कापड असतं.

मी वीस वर्षं झाली परभणीत घरीच शिवणकाम करते आणि दोन लेकरं एसटीत न् रेल्वेतच वाढवली म्हण, तर माझा हिशोब साधा आहे. लेकराच्या अंगाला लागणारं आणि रोज धुवावं लागणारं जे आहे ते घरी शिव, दुकानापेक्षा चांगलं होतं. लेकराचं वजन ज्याच्यावर येणार ते घरी शिवू नको. तुझ्या यादीतला बेल्ट आणि कॅरियर इथंच कटले.

बेल्टचं आधी सांगते कारण त्याचीच मला जास्त काळजी वाटली. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढलाय, ९ महिने ते ४ वर्षांचं लेकरू दुचाकीवर असलं की त्याला सेफ्टी हार्नेस पाहिजे, डोक्यात हेल्मेट पाहिजे आणि गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही. तो हार्नेस जाड नायलॉनचा, आत घट्ट फोम, पाण्यानं खराब न होणारा आणि ३० किलो पेलणारा असावा असं त्यात लिहिलंय. आता थोरला असेल १३-१४ किलोचा, तू म्हणशील निवारपट्टी त्याला सहज पेलते. उभ्या उभ्या पेलते गं, पण दिरानं कचकन ब्रेक दाबला की ते १४ किलोचं लेकरू १४ किलोचं राहत नाही, आणि पट्टी तुटत नाही, शिलाई उसवते. आपलं घरचं मशीन जाड पट्टीच्या चार पदरांवर टाके सोडतं, वरून छान दिसतं आणि खाली बॉबिनचा दोरा नुसता लोंबत असतो. मी ब्लाऊजच्या बाहीला हमी देते, असल्या बेल्टला देणार नाही. विकतचा घे, किंवा सरळ रिक्षानं जा.

कॅरियरचंही तेच. कड्या, बकल, खांद्याचे पट्टे शिवायच्या भानगडीत पडू नको, आणि पडद्याच्या कड्या वापरून करतात ते तर बिलकुल नको. आपल्याकडं म्हातारी माणसं जुन्या सुती लुगड्यात लेकरू बांधायची, त्यात शिलाईच नसायची म्हणून उसवायचं काही नव्हतं. तसं बांधायचं असेल तर घरी एखाद्या जाणत्या बाईकडून शिकून घे आणि एवढं बघ की लेकरू उभं छातीशी पाहिजे, तोंड झाकलेलं नको, मान वाकवली की त्याच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको, मध्ये दोन बोटं जागा पाहिजे, आणि गुडघे बुडापेक्षा वर. हनुवटी टेकली की त्यांची श्वासाची वाट दबते आणि लेकरू रडत पण नाही, शांत झोपल्यासारखंच दिसतं.

म्हणूनच मानेची उशी पण नको. पाच महिन्यांच्या लेकराच्या मानेला मागून काही सरकवलं की डोकं पुढं येतं. मांडीवर नाहीतर खांद्यावर घे, तीच उशी.

बाटलीचं कव्हर. आधी तर पाच महिन्यांचं आहे, अंगावर पीत असेल तर सहा महिने वरचं पाणीही लागत नाही, मे महिना असला तरी, सासूबाई काही म्हणू दे, फक्त जास्त वेळा पाज आणि तू स्वतः पाणी पी. पावडरचं देत असशील तर मग ते कव्हर अजूनच वाईट. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं नाहीतर फेकायचं असतं, आणि फोमच्या कव्हरात कोमट दूध चार तास ठेवणं म्हणजे मनमाड येईपर्यंत दही लावायची सोय. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये ने, पावडर वेगळ्या डबीत, लागलं तेव्हा कालव न् अंगाला सोसेल असं करून दे. शिवायचंच असेल तर धुतलेल्या बाटल्या ठेवायला सुती पिशवी शिव.

आता चेंजिंग मॅट. याच्यावर मी जीव तोडून लिहिणार आहे कारण मी यातच तोंडावर पडलेय.

थोरलीचं जावळ काढायला तुळजापूरला निघालो होतो, एसटीनं. मी नवीनच शिवण शिकलेले, मोठी हौस, टेबलावर टाकतात ते फुलाफुलाचं प्लास्टिक आणलं, मध्ये स्पंज घातला, वर फलालीन आणि गोधडीसारख्या तिरक्या तिरक्या शिलाया मारल्या, कडेला गुलाबी पायपिंग. इतकी देखणी झाली होती की शेजारणीनं फोटो काढला. पहिल्याच शू ला सगळं पाणी खाली माझ्या साडीवर. कारण सुई जिथं जिथं गेली तिथं तिथं प्लास्टिकला भोक, म्हणजे मी हौसेनं चाळणी शिवली होती! वर स्पंजनं निम्मं पिऊन घेतलं आणि ते दोन दिवस वाळलं नाही, परत येईपर्यंत त्या पिशवीचं तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती.

तेव्हापासून मी मॅट शिवत नाही, अभ्रा शिवते. म्हणजे पाणी अडवणारा तुकडा वेगळा, त्याला सुई लावायचीच नाही, आणि त्याच्यावर उशीसारखा अभ्रा. भिजला की अभ्रा काढायचा, दुसरा घालायचा, तुकडा ओल्या फडक्यानं पुसून परत आत.

आतला तुकडा विकत आणू नको. बारशात तुला किमान तीन तरी ड्राय शीट आल्या असतील, त्यातली एक १६ बाय २४ इंच काप, तिची कड उसवत नाही, तशीच वापरायची. मेडिकलमध्ये मिळणारं रबराचं शीट पण चालतं पण उन्हाळ्यात ते तापतं न् वास मारतं. १६ इंच का, तर तपोवनला बर्थ नसतात, बसायच्याच सीटा, त्यामुळं सगळं काम तुझ्या मांडीवर होणार आहे. युट्यूबवरची ती २७-३० इंचाची मॅट शेजारच्याच्या मांडीवर जाईल.

अभ्र्याला ३६ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, मऊ सुती कापड दीड मीटर घे, म्हणजे ५९ इंच. मांजरपाट चालतो, जुनं धोतर मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण ते दुहेरी घे. नवं कापड आधी रात्रभर पाण्यात टाक, वाळव, मगच काप. हे सांगितलं तरी कोणी ऐकत नाही आणि मग अभ्रा आटून तुकडा आत वाकडा होतो. दोन-तीन इंच आटून साधारण ५६ राहील. उभं मधोमध काप, १८ इंची दोन पट्ट्या, दोन अभ्रे. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिव, राहिले ५४. मग सुलट बाजू आत ठेवून अशी घडी घाल की २५ इंचाचा अभ्रा होईल आणि टोकं मागच्या बाजूला चारेक इंच एकावर एक येतील, दोन्ही बाजूंनी शिलाई मार, उलटव, झालं. चेन नको, बटण नको, टिचबटण पण नको. कापड जिथं एकावर एक आलंय तिथं सुरुवातीला न् शेवटी दोन-तीनदा मागंपुढं शिलाई घे कारण तुकडा घालता-काढता तिथंच ताण येतो. पन्हा पण थोडा आटेल पण तुकडा १६ चा आहे, खेळायला जागा राहते. घडी बांधायला बाहेरून एक नाडी लाव, आखूड. लेकराच्या सामानाला गळ्यात अडकेल अशी लांब नाडी मी कशालाच ठेवत नाही, कुंचीचे बंद सुद्धा गाठ बसेल एवढेच. आणि आज्जीनं कुंचीला मणी, घुंगरं, आरसे लावले असतील तर बारशाचे फोटो झाले की उसवून ठेव, पाच महिन्यांचं लेकरू आता सगळं तोंडात घालणार. तशीही मे मध्ये कुंची कशाला, एसी डबा असेल तरच घे.

ओल्या कपड्यांच्या पिशवीला मोडकी छत्री शोध. हो, छत्री. काड्या काढल्या की ते कापड पाणी अडवतं, वजन काही नाही, फुकटात. मशीनच्या पायाखाली ते घसरतं किंवा चिकटतं, तर खाली-वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिलाई मार, नंतर कागद फाडून काढ. टाका मोठा ठेव, बारीक टाक्यानं कापड तिकिटासारखं फाटतं. टाचण्या लावू नको, कपड्याचे चिमटे लाव. शिलाई आधी सुलट बाजूनं पाव इंचावर, मग उलटून परत एकदा, म्हणजे कड आत बंद होते. तरी सांगते शिलाईतून थोडं झिरपतंच, नळाखाली धरायची पिशवी नाही ती, ओले लंगोट पिळून टाकायला आहे. पाच नंबरची चेन लाव, बारीक चेन मध्येच दात सोडते.

दूध पाजताना अंगावर घ्यायला विकतचं ते गळ्यात प्लास्टिकची पट्टी असलेलं मिळतं ना, तसं करायचं असेल तर कर, पण मलमलची अडीच मीटरची ओढणी आणि तिच्या एका कडेला मानेत अडकवायचा कापडी पट्टा, एवढं बास होतं. सिंथेटिक घेतलंस तर आतमध्ये लेकरू घामानं निथळेल. खादी म्हणशील तर आपल्याकडं नांदेडला चांगली मिळते, तिरंग्याचं कापड उदगीरला विणतात आणि झेंडे नांदेडला शिवतात, ते बघायला मी मुद्दाम गेले होते एकदा, पण जाड खादी उन्हाळ्यात लेकरावर नको, त्याच्या पिशव्या शीव.

थोरल्यासाठी एकच कर. त्याच्या शर्टाच्या आतल्या बाजूला, कमरेजवळ, पांढऱ्या कापडाचा तुकडा शिव आणि त्यावर न पुसणाऱ्या पेननं तुझा न् नवऱ्याचा मोबाईल नंबर लिही. बाहेरून नको, नाव पण नको, अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की पोरं लगेच मागं जातात. माझी आई माळेगावच्या यात्रेत आमच्या झग्याला गावाचं नाव टाकायची, तेच हे.

आणि एक, तू विचारलं नाहीस पण येताना देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट आहे म्हणालीस म्हणून. रात्रीच्या गाडीत बर्थला साडीची झोळी बांधतात, सगळेच बांधतात, मी पण बांधलीय. धाकट्याच्या वेळी अशीच वरच्या बर्थला बांधली, आणि माझ्याच अकलेनं नायलॉनची साडी घेतली होती कारण ती हलकी. जालन्याच्या अलीकडं गाडीनं धक्का दिला आणि गाठ सरसर वीतभर खाली आली. खाली माझी सासू बसली होती, तिनं हात लावला म्हणून निभावलं. त्यानंतर मी लेकराला आतल्या बाजूला घेऊन खालच्या बर्थवरच आडवी व्हायचे, झोप कमी झाली पण धाकधूक गेली. तू पण खालचाच बर्थ बघ.

शिवून झालं की दोन्ही अभ्रे दोन-तीनदा धू, नव्या कापडाची खळ जाऊ दे. आणि निघायच्या आठवडाभर आधी घरातल्या खुर्चीवर बस, पलंगावर नाही, मॅट मांडीवर टाक आणि एका हातानं लेकराचा लंगोट बदलून बघ, दुसरा हात लेकरावरच पाहिजे. पिशवीची चेन एका हातानं उघडत नसेल तर तिच्या रनरला कापडाची छोटी शेपटी शिवून टाक. कसं झालं ते कळव, मापात काही अडलं तर कापडाचा फोटो टाक, मी रात्री नऊनंतर मोकळी असते.